धुतलेला फिल्टर

पंडितची मोटारसायकल डांबरी रस्त्यावर कमी आणि ढेकळांत जास्त चाले. मूळची साधीच, जुनी गाडी. पण रहीमने तिचा दिवा काढला, पुढचा मडगार्ड उंच उचलला, जाड खाचांचे टायर चढवले आणि तिचं पार मातीतलं जनावर करून टाकलं. दोघंही भडगावचे, गिरणा नदीच्या वाळूत एकत्र वाढलेले. पंडित जळगावला पाटबंधारे खात्यात चिकटला, रहीमने तिथेच मेहरूणला गॅरेज टाकलं, तरी भेटले की बोली गावचीच.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात धुळ्याला पांझरेच्या कोरड्या पात्रात शर्यत होती. पोरगी झाल्यावर पंडितच्या बायकोने, कुंदाने, त्याच्याकडून शब्द घेतला होता, ही शेवटची. त्यामुळे पंडितचा सगळा जीव त्या एका दिवसात अडकला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी रहीमने एअर फिल्टर उपसला. फोमचा जाड स्पंज, काळ्या मातीच्या पिठाने गच्च भरलेला. रॉकेलमध्ये धुऊन पाहिला तर कडेला फाटलेला निघाला. मग त्याने नवा फोम मापाने कापला, काळपट तेलात बुडवला, दोन्ही तळहातांत दाबून जास्तीचं तेल काढलं. इंजिनात जाणारी धूळ या तेलालाच चिकटून अडते, म्हणून ते सगळीकडे सारखं मुरायला हवं. पंडितला मात्र त्याने एवढंच बजावलं, रात्रभर आडोशाला टांगून ठेव आणि सकाळी बसव. तो स्वतः पान्यांची पेटी घेऊन धुळ्याला पुढे जाणार होता.

धुतलेला स्पंज वाळायलाच दिलाय असं समजून पंडितने तो मागच्या अंगणातल्या दोरीवर टांगला आणि झोपायला गेला. शेजारीच पोरीचे लंगोट वाळत होते.

कुंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पोरीची दुधाची बाटली ती तीनदा उकळायची. सकाळी पाणी भरताना तिने पाहिलं, तर स्पंजवरचं तेल लंगोटांवर ओघळलेलं, आणि रांगत आलेली पोर खाली पडलेला एक लंगोट तोंडात घालून चघळत होती. ओठ काळे. पोरीचं तोंड धुतलं, जीभ पुसली, तरी मन थाऱ्यावर येईना. मग तिने तो स्पंज काढला. रहीमने धुतला खरा, पण घाण तशीच राहिली, असंच तिला वाटलं. गरम पाणी, कपड्याची पावडर, चार वेळा पिळणं. मे महिन्याचं ऊन. तासाभरात स्पंज पावासारखा हलका झाला.

पंडित घाईत होता, दारात टेम्पो उभा होता. त्याला गाडी उडवता येई, तिच्या पोटातलं काही कळत नसे. स्पंज हातात घेऊन तो म्हणाला, रहीमने काय झकास काम केलंय, हाताला डागसुद्धा नाही. कुंदाच्या ओठावर आलं होतं. पण गाडीला हात लावलास तर याद राख, हे त्याचं नेहमीचं. ती पोरीची पिशवी भरू लागली. मनातून थोडी सुखावलीसुद्धा.

पांझरेच्या काठावर बाभळीच्या सावलीत ती पोरीला घेऊन बसली होती. रहीमने प्लग पाहिला, साखळी ताणली. फिल्टरचा डबा उघडला नाही, कारण आतला स्पंज त्याच्याच हातचा होता. चौथ्या फेरीला पंडित सगळ्यांच्या पुढे होता. धुळीचा लोट इतका की मागचे दिसत नव्हते. मग गाडीचा आवाज कर्कश झाला, मागचं चाक एकाएकी अडलं आणि पंडित वाळूत फेकला गेला.

मनगट मोडलं होतं. तसाच हात धरून तो गाडीपाशी उभा राहिला. रहीमने डबा उघडला. आत बारीक माती पसरली होती. पिस्टन जाम झाला होता. त्याने स्पंज बोटांनी चुरगाळला, ‘तेल नही’ असं पुटपुटत नाकाशी नेला आणि मान वर करून सरळ कुंदाकडे पाहिलं. एवढंच. पावडरचा वास लपणारा नव्हता.

"बठ्ठी धूय मझार गयी," सगळी धूळ आत गेलेली पाहून पंडित ओरडला. "तेल दिन्हं नही का तू?"

कुंदाने पोरीला घट्ट धरलं. बाभळीखालून दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"चूक मनी शे, भाऊ," तेल द्यायचं राहिल्याचा दोष स्वतःवर घेत रहीम म्हणाला. "तेल देवानं राही गयं."

पंडितने भरल्या गर्दीत त्याचा उद्धार केला. जळगावला परतल्यावर प्लॅस्टरमधला हात दाखवत तो भेटेल त्याला सांगत सुटला: बालमित्र म्हणून भरवसा ठेवला, त्याने कोरडा स्पंज बसवायला दिला. हौशी पोरं गाड्या घेऊन दुसरीकडे जाऊ लागली. कुंदा रोज ठरवायची, आज सांगू. प्लॅस्टर निघालं की सांगू. पोरीचा वाढदिवस होऊन जाऊ दे, मग सांगू.

दिवाळी झाल्यावर ती पोरीला घेऊन एकटीच मेहरूणला गेली. गॅरेजात एक सायकल उलटी ठेवून रहीम पंक्चर काढत होता. तिने सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत राहिला.

"मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. पण तुमच्या कडेवर लेकरू, आणि भाऊचा राग मला माहीत. वाटलं, आठ दिवसांत निवळेल." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही त्याच दिवशी घरी गेल्यावर त्याला सांगाल, असंही वाटलं होतं."

त्या संध्याकाळी तिने पंडितला सांगितलं. ती त्याच्या आरडाओरड्याची वाट पाहत राहिली. तो ओरडला नाही. त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"उद्या जा त्याच्याकडे," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"कोणत्या तोंडाने जाऊ?" तो म्हणाला. "अख्ख्या गावात सांगत फिरलोय मी."

उद्या, परवा, संक्रांत झाल्यावर. आता दिवस तो पुढे ढकलू लागला, आणि बोलायचा हक्क कुंदाला उरला नव्हता.

पुढे कधी बाजारात रहीम समोरून आलाच, तर तो सायकल थांबवून पोरीच्या गालाला हात लावायचा, शाळेत घातलं का म्हणून विचारायचा. कुंदा उत्तरं द्यायची. पंडित तोवर पुढच्या कोपऱ्यावर पोचलेला असे, पिशवी हातात धरून, पाठ करून उभा.