पाठीवर चालणाऱ्या अळ्या

गुलाबांखालची वाळकी पानं ओढताना चारुलताला मातीत जाड, पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या दिसल्या. चांगल्या पंधरा. ही हुमणीच, तिला वाटलं. माहेरी, बेटम्याला, हुमणीच्या अशाच अळ्यांनी मुळं खाऊन वडिलांचे सगळे गुलाब संपवले होते. त्यांतलं हे एवढंच कलम उरलं होतं.

"फिनेल ओततो," नवरा, दिवाकर, बाटली घेऊन आला.

"अहो, गुलाबही मरेल!"

कुंपणापलीकडून शेजारचे लक्ष्मीकांतजी ओरडले, "रुको भिया! आधी एखाद्या अळीला चालवून तर बघा." होळकरांच्या बागेत माळीकामात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी परात मागवली, पालथी घातली आणि एक अळी तिच्यावर ठेवली. अळी वळवळली, उलटली आणि पाय वर करून पाठीवरच सरकू लागली.

"हुमणी अशी पाठीवर चालत नाही. ही कुजकी पानं खाते, मुळांना तोंड लावत नाही."

चारुलतानं उरलेल्या चौदाही एकेक करून परातीवर चालवल्या. सगळ्या पाठीवर. मग तिनं त्या स्वतःच्या हातानं परत पानांखाली ठेवल्या.

"आता ह्या बाटलीचं काय करू?" दिवाकरनं विचारलं.

"न्हाणी धुवा," ती हसून म्हणाली, "आणि नंतर परात घासा."