पाथमध्ये वटार

एलिना दमली होती. आठवडाभर ऑफिस, त्यात पप्पांच्या तपासण्या, आणि आज चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यापासून हे.

पप्पा म्हणजे ज्युलियस सर, वटार गावचे निवृत्त शिक्षक. अकरा वर्षं त्यांनी गावबोलीतले शब्द गोळा केले होते. वाडीतल्या कामाचे, लग्नातले, भांडणातलेसुद्धा. एका शब्दाची एक फाइल, अशा चारशे फाइली. उद्या त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, याची हमी डॉक्टर देत नव्हते. आज फार तर अर्धा तास बोला, असं त्यांनी बजावलं होतं. त्या अर्ध्या तासात जमतील तेवढ्या शब्दांचे उच्चार पप्पांच्या आवाजात रेकॉर्ड करायचे होते.

हातानं एकेक फाइल उघडली असती तरी चाललं असतं. पण सरळ रस्ता दिसला की प्रोग्रामरच्या पोटात दुखतं! एलिनानं एडिटरच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा पत्ता g:gaav नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि खाली लिहिलं, set path+=g:gaav. पाथ म्हणजे एडिटर जिथे जिथे फाइल शोधतो, त्या पत्त्यांची यादी. शब्द टाकला की फाइल हजर, असा तिचा बेत. एडिटर म्हणे, फाइल सापडत नाही.

"भातखाचरातल्या पाण्याला आमची आजी काय म्हणायची, ठाऊक आहे?" शेजारी बसलेल्या सरांनी विचारलं, आणि सांगितलंही. मग बांधाचा शब्द, मग कुजलेल्या केळीचा.

"पप्पा, जरा गप्प बसा ना. डोकं चालत नाहीये."

सर थोडं थांबत, पुन्हा सुरू होत. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस तो.

तासाभरानं तिला चूक दिसली. 'सेट' व्हेरिएबलच्या आत डोकावतच नाही. g:gaav हेच फोल्डरचं नाव समजून बसतं. तिथे 'लेट' हवा. तो लिहिला, तर आधीच्या पत्त्याला नवा पत्ता चिकटला, कारण दोन पत्त्यांमधला स्वल्पविराम 'लेट' आपण होऊन घालत नाही. शेवटी जमलं:

let &path .= ',' . g:gaav

पहिली फाइल झटकन उघडली. एलिनानं माइक सुरू केला. "हं, बोला पप्पा."

सरांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला. मग पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'मघाशी सांगितले ना सगळे.'

सांगितले होते खरे. एलिना आठवत बसली. तिला एकाचाही उच्चार आठवेना.