पस्तिसाच्या आत

पुतळीने किमयाच्या पायांतले कॅलिपरचे बूट काढले, मोजे काढले, केसांतला चापसुद्धा काढला आणि तिला उचलून ती वजनकाट्यावर चढली. किमया तेरा वर्षांची, पण पाय तिला उभं राहू देत नसत. म्हणून आधी आई एकटी, मग लेकीला घेऊन, आणि मधला फरक तो लेकीचा.

"चालेल," रोहिणी मॅडम म्हणाल्या. "पस्तिसाच्या आतच आहे. घ्या हिला."

पुतळीचा जीव भांड्यात पडला.

पेणबाहेरच्या या मैदानात रोहिणी मॅडम अधू मुलांना घोडीवर बसवून व्यायाम देत. घोडी एकच, लाडी. वरातींत नाचून नाचून तिच्या पुढच्या पायाने दगा दिलेला, त्यामुळे पस्तीस किलोंच्या वर तिच्या पाठीवर कुणी नको, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. रोह्यापर्यंत दुसरीकडे कुठे अशी सोय नव्हती. दिवाळीच्या आधी काटा पस्तिसाला टेकला आणि पुतळी धास्तावली. दिवसभर खुर्चीत मान टाकून बसणारी तिची पोर लाडीवर बसली की ताठ व्हायची आणि जगाकडे बघायची. एवढं सुख त्या घराने दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून किमयाच्या ताटात अर्धी भाकरी. कालवणातले मासे वेचून पुतळी नवऱ्याला वाढायची. पोर ताटाकडे बघत राहिली की म्हणायची, "जड झालीस तर लाडी नाय घेनार, बाय." आधी किमया रडली, मग मागायचीच थांबली. नवरा नाथा धरमतरच्या बंदरात बार्जवर कामाला. जेवणात मीठ आहे की नाही, एवढंच त्याला कळायचं. लेकीसमोर पोटभर खाणं पुतळीलाही जमेना.

घोडी सांभाळणाऱ्या गुणाजीने लगाम धरला. एका बाजूने रोहिणी, दुसऱ्या बाजूने पुतळी, दोघींचा एकेक हात किमयाच्या मांडीवर. लाडी पावलं टाकू लागली. अर्धी फेरीही झाली नसेल, पुतळीच्या हाताखालची मांडी सैल पडली. किमयाची पाठ वाकली आणि ती तोंडावर आयाळीत कलंडली.

"गुणाजी, थांब!"

दोघींनी तिला उतरवून चटईवर निजवलं. रोहिणीने तिची बाही वर सारली, दंड चाचपला आणि मग पुतळीकडे नीट पाहिलं.

"तुमचंही वजन उतरलंय, पुतळीताई. घरी खायला आहे ना?"

"हाय मॅडम. सगलं हाय."

"मग हे काय?"

पुतळी पदराचं टोक पिळत राहिली. "वजन वाढलं असतं, तर तुमी बंद केलं असतं."

गुणाजीने घोडीचं तोंड फिरवलं आणि तिला सावलीकडे नेलं. रोहिणीने किमयाची बाही खाली ओढली.

"पोरीच्या अंगात ताकद उरली नाही, ताई. आता मी हिला बसवणार नाही. हिला आधी पोटभर खाऊ घाला."

"आनि भरली अंगानं, मग?"

"मग लाडीला पेलणार नाही. माझ्याकडे दुसरी घोडी नाही."

पुतळीने लेकीला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि फाटकाशी आणली. रिक्षा यायची होती. तिने डबा उघडला, तांदळाच्या भाकरीत सुका जवळा गुंडाळला आणि मोठा घास केला.

"खा गो. सगली खा."

किमयाने दात घट्ट आवळले. पुतळीने घास ओठांना लावला. किमयाने आपला वाकडा हात मोठ्या कष्टाने उचलला आणि आईचं मनगट बाजूला लोटलं. ती सावलीतल्या घोडीकडे बघत होती.

"खा बाय. आई सांगते ना."

दात उघडेनात. जवळा ओठांवरून घरंगळून मांडीवर पडला. पुतळीने तिचा जबडा धरला आणि लगेच सोडला. ती खुर्चीपुढे मातीत बसली. तिला रडू फुटत होतं, पण आधी सांगणं भाग होतं.

"लाडी नाय आता," ती म्हणाली. "कवाच नाय. तू खाल्लंस तरी नाय, नाय खाल्लंस तरी नाय."

किमयाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

मग तिने आ केला.