धारोष्ण

नर्स पलीकडच्या खाटेकडे वळली, तशी बापाने पिशवीतून छोटी किटली काढली आणि धाकटीच्या मानेखाली हात घातला.

"घे चिमणे, पटकन. एका दमात."

धाकटीने तोंड फिरवलं. दूध हनुवटीवरून ओघळून गळ्यापर्यंत गेलं. आई नुसती बघत राहिली.

"बाबा, नको ना," थोरली कुजबुजली. "डॉक्टरीणबाई ओरडतील."

"ओरडू देत. त्यांच्या त्या बाटलीत काय आहे? मिठाचं पाणी! ह्यात ताकद आहे. सकाळी धार काढली तशीच आणलीय."

घरात बोलण्यात थोरलीचा हात कोणी धरत नसे, पण ह्या वॉर्डात आल्यापासून तिचे शब्द सुकून गेले होते. धाकटीचा तापच तसा लबाड होता. संध्याकाळी हुडहुडी भरवत चढायचा, पहाटे उशी घामाने चिंब करून उतरायचा. चार दिवस कुठे परगावी गेल्यासारखा गायब, आणि सगळ्यांनी हुश्श म्हणावं तर पुन्हा दारात हजर! औषधं बदलली, डॉक्टर बदलले. आता कंबरेत कळ बसली होती. दोरीच्या उड्यांत अख्ख्या गल्लीला पाणी पाजणारी पोर नुसती कुशीवर वळवली तरी किंचाळत होती. उद्या सकाळी तिचा मणका उघडून बघायचं ठरलं होतं. "उठेल ना ती नंतर?" असं आईने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस दुसरंच काहीतरी बोलला होता.

डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट धाकटीच्या गळ्याकडे बघत.

"हे काय सांडलंय?"

"दूध," बाप म्हणाला. "घरचंच."

"उकळलेलं?"

"हो तर."

थोरलीचा बाप विकायच्या दुधात पाण्याचा थेंब घालत नसे. मापात पाप करणाऱ्याशी तो बोलतसुद्धा नसे. आणि आता तो सरळ डोळ्यांत बघून खोटं बोलला होता, कारण लेकीला देण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. डॉक्टरीणबाई पुढे निघाल्यादेखील.

"नाही!" थोरली म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "उकळलेलं नाहीये. आमच्याकडे धारोष्णच पितात. सगळे."

बाप तिच्याकडे वळला.

"घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ना, ते हे."

डॉक्टरीणबाई मागे आल्या. स्टूल ओढून खाटेपाशी बसल्या.

"कधीपासून पिता असं?"

"कधीपासून म्हणजे? वाडवडिलांपासून. माझ्या आजोबांनी जन्मभर गाईच्या सडाखाली पेला धरला. ऐंशीव्या वर्षी पोतं उचलायचे, बाई. ताप कशाशी खातात माहीत नव्हतं त्यांना."

"भावंडं किती त्यांना?"

"सात."

"सगळे असेच दणकट?"

बाप भिंतीकडे बघत बोटांवर मोजू लागला.

"मोठे झाले ते दोघंच," शेवटी तो म्हणाला. "बाकीची... तेव्हा पोरं जायचीच हो. ताप यायचे."

"यायचे. कसले, ते कोणी विचारत नव्हतं. लोक दूध तापवायला लागले, तेव्हा त्यातले बरेच ताप घराकडे फिरकेनासे झाले." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगा. इतक्यात गोठ्यात कोणती गाय गाभडली का?"

"तांबडी. दिवस भरत आले होते आणि वासरू मेलेलं पडलं." बाप ताठ झाला. "पण तिचं टिपूस विकलं नाही मी. गाभडलेल्या गाईचं दूध गिऱ्हाइकाला घालायचं नाही, वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. कोणालाही विचारा."

"विकलं नाही. मग केलंत काय त्याचं?"

आईने बापाकडे पाहिलं. थोरलीने पाहिलं नाही.

"फेकवेना," तो म्हणाला. "ही आधीच पाप्याचं पितर. म्हटलं, तेवढंच हिच्या अंगी लागेल. म्हणून सगळं... हिलाच."

"आजचं?"

त्याने किटली दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी ती घेतली. "आधी हिचं रक्त तपासू. तोवर मणक्याला कोणी हात लावणार नाही. गाय गाभडवणारा आजार कच्च्या दुधातून माणसात येतो. तोच असेल तर औषध आहे, पण बरेच महिने द्यावं लागेल. आतल्या आत किती पोखरलंय, ते आज सांगता येणार नाही." त्या उठल्या आणि तशाच थांबल्या. "बाकीच्या गाई वेगळ्या बांधता?"

"एकच गोठा आहे."

"मग त्यांचं दूधही कच्चं पिणाऱ्यांना आत्ताच्या आत्ता कळवा."

बाप फोनवर नंबर शोधू लागला, पण यादी नुसती वरखाली सरकवत राहिला. थोरलीने फोन घेतला आणि रोज त्यांचंच दूध घेणाऱ्या शिंपीणबाईंना लावला. त्यांचा नातू नुकता पेल्याने प्यायला शिकला होता. फोन तिने बापाच्या तोंडासमोर धरला.

"बोला दूधवाले! पोरगी कशी आहे आमची?"

"बाई, आजचं दूध नातवाला देऊ नका. ओतून टाका."

पलीकडे खळखळून हसू आलं. "आता काय कपाळ ओतू? पिऊन मोकळा झालाय तो. आणि उकळलं की दुधाचा गुणच जातो, हे तुम्हीच ना पढवलंत मला? हॅलो? आहात ना?"

बापाने खाटेची कड घट्ट धरली. धाकटी डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती.

"आहे," तो म्हणाला. "बाई, त्याला संध्याकाळचा ताप येतो का?"

हसू थांबलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"