पंधरा तारखेची रात्र

रात्री जागायचं म्हणून दुपारी तीनपर्यंत झोपले. उठून फोन चालू केला, तर केपटाउनच्या हॉस्पिटलातून ओम सारेलांचे अकरा कॉल. आमच्याकडे वडीलधाऱ्याला ओम, म्हणजे काका, म्हणतात. मला हसूच आलं. म्हाताऱ्याला धीर म्हणून नाही!

कारूच्या ओसाड माळरानातल्या आमच्या टेकडीवर मी बावीस वर्षं दुर्बीण चालवते. काम शिकवलं ओम सारेलांनीच. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा एक दगड शोधला होता. फोटोत तो नुसता ठिपका. केवढा आहे, कुणालाच ठाऊक नाही. आता तो एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा जितके सेकंद विझेल, त्यावरून दगडाची रुंदी कळणार. त्याची सावली नेमकी आमच्या टेकडीवरून जाणार होती, आणि डॉक्टरांनी ओमना आठवडाभराची मुदत दिली होती. त्यांचा जीव त्या एका आकड्यात अडकला होता.

केपटाउनच्या ऑफिसातल्या नव्या बाईंनी वेळ कळवली होती: पंधरा जून, रात्री बारा चाळीस.

रॉइबोस चहाचं आधण ठेवून मी फोन लावला.

"काय ओम, नर्सबाईंना छळून झालं, आता माझी पाळी?"

"कात्रीन, बडबड नको. किती सेकंद?"

"कसले सेकंद? अजून बाहेर ऊन आहे. रात्री सांगते ना."



"अगं," ते म्हणाले, "ते काल होतं."

 आम्हा टेकडीवरच्यांची तारीख मध्यरात्री बदलत नाही. रात्र ज्या संध्याकाळी सुरू होते, पहाटेपर्यंत तीच तारीख. ओमनी पहिल्याच दिवशी घोटवून घेतलं होतं. त्या बाईंनी मात्र चारचौघांसारखी तारीख लिहिली. चौदाची रात्र बारा वाजता पंधरा झाली, आणि मी शहाणी पंधराची रात्र व्हायची वाट बघत राहिले. एकदा विचारलं असतं तर जीभ झडली असती का माझी?

"परत कधी, ओम?"

"एकोणचाळीस वर्षांनी."

 मग त्यांनी विचारलं, "काल आभाळ कसं होतं?"

"गच्च भरलेलं. दुर्बीण लावली असती तरी काही दिसलं नसतं."

"खरंच?"

"तुमची शपथ."

"मग ठीक." त्यांचा आवाज सैल झाला. "मग आपलं काही गेलं नाही. ढगांपुढे कुणाचं चालतं? नोंदवहीत तसं लिही, पोरी."

"लिहिते."

गुरुवारी ते गेले.

वहीत मी काहीच लिहू शकले नाही. त्या रात्रीचं पान आधीच भरलेलं होतं, माझ्याच अक्षरात: 'चौदा जून. आभाळ निरभ्र. उद्या मोठं काम, म्हणून साडेबाराला दुर्बीण बंद.'