कारणाचा रकाना

पनवेलच्या कोळीवाड्यातली सोनाबाई सलग तिसऱ्या महिन्यात सून रियाला घेऊन अंगणवाडीत आली होती, आणि सेविका मितालीचा फोन तिसऱ्यांदा तेच सांगत होता: चेहरा जुळत नाही. चेहरा जुळल्याशिवाय बाळंतिणीला पोषण आहार द्यायचा नाही, असा वरून हुकूम होता. रियाच्या वाट्याची पाकिटं मात्र तिथेच कोपऱ्यात रचून ठेवलेली होती.

सोनाबाईचं डोकं फिरलं. घरी तीन महिन्यांची नात, तिला दूध पुरत नव्हतं. पूर्वी बाळंतिणीला दूध यावं म्हणून कोळ्याच्या घरात मोरी माशाचं कालवण शिजायचं. आता खाडीत भराव पडला, मोरी दिसेनाशी झाली, आणि जाळ्यात येतं ते सगळं बाजारात विकावं लागतं. कोळ्याच्या सुनेच्या ताटात मासा नाही आणि हक्काचा आहार एका फोनच्या मर्जीवर, याला काय म्हणायचं?

मिताली वाईट नव्हती. तिने रियाला उजेडात उभं केलं, केस मागे सारले, डोळे मिचकावायला लावले. शेवटी नोंदणीचा फोटो दाखवला. त्यात पाचव्या महिन्यातली गोबऱ्या गालांची रिया हसत होती. समोर जी उभी होती तिचे गाल बसले होते, डोळे खोल गेले होते.

मितालीने वही ओढून आहार न दिल्याच्या कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. सोनाबाईला वाचता येत नव्हतं, तिने विचारलं. ‘तांत्रिक अडचण’, मिताली म्हणाली. मागच्या दोन्ही महिन्यांत तेच लिहिलं होतं.

“खोड ते,” सोनाबाई म्हणाली. “फोन खोटा नाय बोलत. माजी सून सुकली ती त्याला कळली, तुमाला कुणाला नाय कळली. खरं काय ते लिव.”

रियाने सासूचा पदर ओढला, पण सोनाबाई हलली नाही. मितालीने खोडलं, नव्याने लिहिलं आणि सवयीने मोठ्यांदा वाचलं, “आई उपाशी राहून सुकल्यामुळे चेहरा जुळला नाही, म्हणून आहार दिला नाही.”

खाली सही करायची होती. पेन तिथेच थांबलं. मग ती उठली आणि तिन्ही महिन्यांची पाकिटं उचलून तिने रियाच्या ओटीत ठेवली. वरून विचारतील तेव्हा बघू, म्हणाली, आणि वही मिटायला गेली.

सोनाबाईने वहीवर हात ठेवला.

“आता ते खोडू नको, बाय. वरच्यांना वाचू दे.”