खरवईच्या रानातला चकवा

खरवईच्या टोकाला नव्या इमारती संपतात आणि साग-ऐनाचं रान सुरू होतं. त्या शनिवारी तिन्हीसांजेला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. रानापलीकडच्या वाडीतली माणसं होती, सोसायट्यांमधली होती, भजीची गाडीही लागली होती. एक धडधाकट तरुण मान खाली घालून, नाम जपत झाडांत शिरला होता. पलीकडे वाडीला निघायचं सोडून तो थोड्या वेळाने गेला तिथूनच बाहेर आला, भेदरलेला. मग कडेच्या मैदानावर मांडव टाकून बसलेल्या अवधूतनाथ महाराजांनी त्याच्या घोट्याला काळा धागा बांधला, कानात काही सांगितलं आणि पुन्हा आत सोडलं. या खेपेला पोरगा थेट वाडीवर पोचला आणि तिथून त्याने फोन लावला. महाराजांनी फोन स्पीकरवर टाकला. लोकांनी हात जोडले.

"चकवा म्हणजे काय?" महाराज माइकवरून सांगू लागले. "माणसाला रानात गोल फिरवणारी, सॅटेलाइटला दिसत नाही अशी पॉवर. तुमचा तो नकाशा दाखवणारा मोबाइल तिथं आडवा पडतो. पण माझ्या धाग्याला रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही."

पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर दिनानाथ सबनीस बसले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलर खात्याचे साहेब म्हणून निवृत्त झालेले, आणि आता महाराजांचे मुख्य साक्षीदार. महाराजांनी नाव पुकारलं की ते उठत, पँट वर ओढून घोट्याचा धागा दाखवत आणि आपली हकीकत सांगत.

हकीकत साधी होती. मागच्या महिन्यात ते वाडीपलीकडे एका मित्राच्या फार्महाउसवर जेवायला गेले होते. परतताना रिक्षा मिळेना, म्हणून रानातली पायवाट धरून एकटेच निघाले. मोबाइलची बॅटरी संपलेली, आकाशात चंद्र नाही. पाचोळा वाजला की ते थांबत, आणि ते थांबले की पाचोळाही गप्प होई. मग त्यांनी मान खाली घालून झपाझपा चालायला घेतलं. बऱ्याच वेळाने एक वारूळ लागलं. आणखी बऱ्याच वेळाने तेच वारूळ पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा त्यांनी त्याला नमस्कार केला. एक चप्पल रानात ठेवून ते मध्यरात्री घरी आले आणि दारातच बायकोला म्हणाले, "चकवा लागला." जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस घरामागच्या रानात हरवला, असं म्हणण्यापेक्षा ते बरं होतं.

बायको मीनल. कुळगावच्या एका शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्यांनी नवऱ्याला पाणी दिलं आणि पायातले काटे काढले.

पण गोष्ट घरात राहिली नाही; ती महाराजांपर्यंत पोचली आणि दिनानाथांच्या घोट्याला धागा आला. सोसायटीच्या बागेत काम करणारा चांगो वाडीतला. त्याची मुलगी प्रगती कुळगावला नर्सिंगचा कोर्स करत होती आणि क्लास सुटल्यावर अंधारातून त्याच पायवाटेने घरी जायची. रविवारी दुपारी ती मीनलबाईंकडे आली. चांगोने तिचा क्लास बंद केला होता.

"मी रोज जाते, मॅडम. मला कधीच काही झालं नाही," ती म्हणाली. "पण बाबा म्हणतात, एवढ्या शिकलेल्या सायबांना लागला, तर तुला का नाय लागणार?"

दिनानाथ आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण पुढचं अक्षर त्यांना दिसेना.

त्याच संध्याकाळी मीनलबाई महाराजांच्या दर्शनाला गेल्या. वाकून नमस्कार केला आणि भक्तिभावाने विचारलं की धागा असला म्हणजे डोळे बांधूनसुद्धा माणूस सरळ चालेल ना? महाराज रंगात आले होते. माइक हातात होता. ते म्हणाले, डोळे बांधा, कान बांधा, धागा सरळच नेईल. मग उद्या सकाळी मैदानावर दाखवा, असं बाईंनी म्हणताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही कसं म्हणणार?

सकाळी मैदान भरलं. मीनलबाई गळ्यात शिट्टी अडकवून हजर होत्या, सोबत शाळेतून मागून आणलेली फक्की. मैदानावर पांढऱ्या रेषा मारायची ती पावडर. भोक पाडलेली फक्कीची पिशवी त्या प्रत्येकाच्या कमरेला बांधत, म्हणजे माणूस कुठून कसा गेला ते मागे जमिनीवर उमटत जाई. समोर गोलपोस्ट. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा आणि तिथे पोचायचं.

पहिला चांगो. धागा नाही. तो डावीकडे वळत वळत भजीच्या गाडीपाशी पोचला. दुसरे दिनानाथ, धाग्यासकट. ते मोठ्या आत्मविश्वासाने निघाले आणि वाटोळे फिरून आपल्याच बायकोला धडकले. आणखी चार-पाच जण गेले. कुणाला धागा, कुणाला नाही. मैदानावर फक्कीच्या जिलेब्या पडल्या होत्या.

"यांची श्रद्धा कच्ची," महाराज म्हणाले.

"तुमची पक्की आहे ना," मीनलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टॉवेल पुढे केला.

महाराज निघाले. चाल भारदस्त, हात आशीर्वादाचा. त्यांची जिलेबी सगळ्यांत मोठी झाली. शेवटी हाताला बांबू लागला, तेव्हा गोलपोस्ट आला असं समजून ते थांबले आणि लोकांना उद्देशून "पाहिलंत?" म्हणाले. तो त्यांच्याच मांडवाचा खांब होता. माणसं हसून हसून खाली बसली.

मग मीनलबाईंनी टॉवेल चांगोच्या हातात दिला आणि उघड्या डोळ्यांनी, गोलपोस्टवर नजर ठेवून चालायला सांगितलं. धागा नव्हताच. फक्कीची रेघ सरळ गेली.

शनिवारी रानातून गेलेल्या त्या तरुणाला त्यांनी पुढे बोलावलं आणि महाराजांनी कानात काय सांगितलं ते विचारलं. तो चाचरला. पहिल्यांदा मान खाली घालून जप करायला सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं की वाडीमागच्या टेकडीवर टॉवरचा लाल दिवा आहे, ती देवाची ज्योत समज आणि तिच्यावरची नजर हलवू नकोस.

चांगोने टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हंजे धाग्यानं नाय नेला," तो सावकाश म्हणाला. "दिव्यानं नेला."

बाईंनी उरलेलं समजावलं. आपलं प्रत्येक पाऊल किंचित वाकडं पडतं. डोळ्यांपुढे खूण असली की आपण नकळत ते सावरतो. खूण नसली की वाकडेपणा साठत जातो, आणि आपण सरळच चाललोय असं वाटत असताना वाटोळे फिरतो. थांबल्यावर गप्प होणारा पाचोळा आपल्याच पायाखालचा असतो.

मैदानातच दोष आहे असं सांगून महाराज आपल्या गाडीत बसले. आता सगळे दिनानाथांकडे बघत होते. ते उठले. घोट्याचा धागा सोडवायला वाकले, गाठ सुटेना, म्हणून तोडला.

"मला चकवा लागला नव्हता," ते म्हणाले. "मी वाट चुकलो. आणि घाबरलो होतो."

कुणी हसलं नाही. वाडीतली म्हातारी बनूबाई मागून म्हणाली, "मंग तसं सांगायचं ना, सायेब. आमी पन चुकतो."

पुढच्या रविवारी चांगो आणि दिनानाथ यांनी पायवाटेवरच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारले. दिनानाथांनी बादली धरली, आणि बॉयलर खात्याच्या सवयीने सूचनाही दिल्या. चांगोने त्यांतली एकही पाळली नाही. सोमवारी प्रगती क्लासला गेली आणि रात्री हातात बॅटरी घेऊन आपल्या पायांनी घरी आली.

रात्री रानातून एकट्याने जाताना भीती वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती वाघालाही वाटत असेल. पण भीतीला देव केलं की तिचा पुजारी कुठून तरी उगवतोच, आणि क्लास मात्र आपल्या पोरींचा बंद होतो. तेव्हा वाट चुकलात तर थांबा, मान वर करा, एखादी खूण धरून चाला. आणि घरी पोचल्यावर बायकोला खरं काय ते सांगा.